लेकीच्या चित्रातला मोबाईल ठेवावा की पुसावा?

रास्तापेठकर
रविवार, रात्री ९.१०

मंडळी, कलादालनात मी पहिल्यांदाच लिहितोय. चित्रातलं मला कळत नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि 'छान आहे' याच्यापुढे कुठल्या चित्राला कधी दाद दिलेली नाही. पण लेकीच्या एका चित्रावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली आहे, म्हणून जाणकारांना विचारतोय.

आम्ही बेने इस्रायली. कोकणातले ज्यू म्हटलं की लोकांना पटकन कळतं. आडनावाच्या शेपटीला 'कर', घरात मराठी, मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून सगळ्यात नारळाचं दूध. वाडवडील अलिबागेकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांचा हा वंशज आयुष्यभर शनिवारी बँकेत बसून लोकांची पासबुकं भरत राहिला. हे आधीच सांगून टाकतो, पुढे कोणी मला धर्ममार्तंड समजायला नको.

आई मात्र शब्बाथ पाळते, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत कामाला सुट्टी. एक्याऐंशीची आहे. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी काचेच्या पेल्यात निम्मं पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. डोक्यावर पदर, डोळ्यांवर हात, दोन मिनिटं पुटपुटणं. मग काळ्या मनुकांचा शरबत, दुपारी भिजत घालून कुस्करलेला; आमच्याकडे वाइनच्या जागी तोच. एकदा दिवा लागला की ती विजेच्या बटणाला हात लावत नाही. संडासातला दिवा मी आधीच लावून ठेवतो, तो शनिवारी रात्रीपर्यंत जळतो.

धाकटा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेला. इथे होता तोवर मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात) सणासुदीला, तेही आई ओरडली तर. तिथे जाऊन एकदम कडक झाला. दर शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आत आईला व्हिडिओ कॉल करतो. म्हणजे त्याचा शब्बाथ लागायच्या आत. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तो कामावरून सुटून घरी येईपर्यंत तिथे दुपारचे तीन वाजतात, इथे साडेसहा, आणि आईचा दिवा लागून गेलेला असतो.

आई फोनला शिवत नाही. माझी लेक तो तिच्यासमोर धरते. यावर आईचा स्वतःचा निवाडा आहे: "हात नाही लावायचा. पण समोर पोरगा आला तर डोळे मिटून बसू?"

लेक पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने हेच रंगवलंय. तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास, तैलरंग. आई खुर्चीत, बाजूला पेल्यातला दिवा. समोरून एक हात चित्रात आलाय, त्यात फोन. आपल्याला फोनची पाठ दिसते, तडा गेलेलं कव्हर. हात लेकीचाच, अंगठ्यावरचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं. आईचा एक गाल दिव्याने पिवळा, दुसरा फोनने निळसर. मागे भिंतीवर एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, तसबीर, चार घोड्यांचा अग्निरथ आभाळात चाललाय, आमच्याकडे घरोघरी असते तशी. तसबिरीच्या काचेवर फोनच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका. टेबलावर मलिद्याचं ताट: गोड पोहे, खोबरं, केळी, गुलाबाच्या पाकळ्या. (मलिदा दर शुक्रवारी नसतो, नवसाला किंवा शुभकार्याला असतो, हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "बाबा, टेबल रिकामं दिसत होतं.")

तिने फोटो काकाला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तिथून बिनसलं. त्याचं म्हणणं, "आईला आणि मला शब्बाथ मोडताना दाखवलंस. फोन काढून टाक." दुसऱ्या दिवशी आणखी एक निरोप, "ती तसबीर आणि ते ताटही काढ, इकडचे लोक म्हणतील हे हिंदूंचं उचललंय." लेक म्हणते, फोन काढला तर चित्रच राहत नाही. आईने चित्र अजून बघितलेलं नाही. दाखवायची माझी हिंमत होत नाहीये.

तर विचारायचं हे की आमच्या धर्मात कोणी चित्रकारांनी असलं, म्हणजे घरातली जुनी रीत आणि बाहेरून आलेलं नवं यांची अशी ओढाताण, रंगवलेली आहे का? आणि फोन ठेवावा की पुसावा?

---

कोराकॅनव्हास
रविवार, रात्री ११.४०

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, त्यामुळे उत्तर लांबेल. तयारी ठेवा.

तुमच्या लेकीच्या चित्राला एक सख्खा पणजोबा आहे. मॉरित्झ डॅनियल ऑपेनहाइम, जन्म १८००, जर्मनीतल्या हानाऊ गावचा. ज्यूंमधला पहिला आधुनिक चित्रकार म्हणून त्याचं नाव घेतात. १८३३-३४ मध्ये त्याने एक चित्र केलं, आज ते न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये आहे. नाव भलतंच लांब. मराठीत साधारण असं होईल: 'मुक्तियुद्धातून स्वयंसेवक सैनिक जुन्या चालीने राहणाऱ्या आपल्या माणसांकडे परततो'. नेपोलियनविरुद्धच्या लढाईतून (१८१३ ते १५) एक ज्यू पोरगा घरी आलाय. अंगात हुसार घोडदळाचा गणवेश, जखमी, प्रवासाने विस्कटलेला. आई-बाप, भावंडं सगळी त्याच्याभोवती. टेबलावर शब्बाथचा पेला आणि पाव. आता बघा, टेबल शब्बाथचं आहे म्हणजे हा गडी शब्बाथला प्रवास करून आलाय. नियम मोडून. कारण काय, तर घरी लवकर पोहोचायचं होतं!

खरी गंमत बापाच्या नजरेत आहे. बाप बघतोय पोराच्या छातीवरच्या पदकाकडे. ते पदक आहे आयर्न क्रॉस. शौर्याचं पदक आणि क्रूस, एकाच लोखंडात. त्या म्हाताऱ्याला अभिमान वाटतोय की पोटात गोळा आलाय, हे चित्रकाराने सांगितलेलं नाही. मी छापील प्रतीत तो चेहरा भिंगाखाली धरून बघितलाय, दोन्ही आहे.

चित्र लढाईनंतर वीसेक वर्षांनी काढलं हे लक्षात घ्या. फ्रेंचांच्या काळात जर्मनीतल्या ज्यूंना मिळालेले बरेच हक्क १८१५ नंतर काढून घेतले गेले होते. म्हणजे बाहेरच्या जर्मनाला हे चित्र म्हणत होतं, आमची पोरं तुमच्यासाठी लढली. आणि घरातल्यांना विचारत होतं, पोरगं आलं खरं, पण कोण होऊन आलं?

आता त्या चित्रातला क्रॉस पुसून बघा. उरतं काय? सैनिक घरी आला, मंडळी खूश. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. तुमच्या लेकीचा फोन म्हणजे तो क्रॉस आहे. हात लावू नका.

एक फुकटचा सल्ला तिला. फोनचा उजेड म्हणून निळ्यात पांढरा कालवून गालावर सरळ फासू नकोस, आजी भुतासारखी दिसेल. दिव्याचा पिवळा आणि फोनचा निळा जिथे नाकाच्या शेंड्यावर भेटतात तिथे करडा येईल, तो करडा नीट मिसळ. सगळं चित्र त्या दोन बोटांच्या जागेत आहे.

---

पेठीचष्मा
सोमवार, सकाळी ७.०५

मास्तर सकाळी सकाळी रडवणार.

आमच्याकडे गेल्या श्रावणात सत्यनारायण झाला, गुरुजी व्हिडिओ कॉलवर. वडील सोवळ्यात, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून चौरंगासमोर. पाचव्या अध्यायात बॅटरी गेली. वडील म्हणाले, प्रसाद वाटायच्या आत चार्जर आणा. चार्जर सोवळ्यात आणायचा की कसा, यावर आईने स्वतंत्र चर्चा घेतली. याचं चित्र काढायचं कोणाला सुचलं नाही एवढंच.

एक शंका. ज्यू धर्मात मुळात चित्र चालतं का? दहा आज्ञांमध्ये प्रतिमा करू नका असं आहे ना? मग फोनआधी चित्राचाच निकाल लावायला हवा.

---

उकरमास्तर
सोमवार, दुपारी १.२०

@पेठीचष्मा, ही समजूत फार जुनी आहे आणि १९३२ साली जमिनीतून निघालेल्या एका इमारतीने तिला चांगलाच धक्का दिला.

सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथल्या सिनेगॉगच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या सापडल्या, काळ इसवी सन २४४-४५. मोशे, एस्तेर, यहेज्केलची हाडांची दरी, अशा बायबलातल्या गोष्टी, सगळी माणसं चेहऱ्यासकट. टिकल्या कशा? पुढे दहाएक वर्षांत शत्रूचा वेढा पडला, तेव्हा गावकऱ्यांनी तटाला आतून जोर यावा म्हणून तटालगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या. गाव पडलं, माती राहिली, मातीत रंग राहिले. आज त्या भिंती दमास्कसच्या संग्रहालयात आहेत.

त्या आज्ञेचा रोख पूजेच्या मूर्तीवर आहे, असं मानणारे ज्यू प्रत्येक काळात होते. अजिबात नको म्हणणारेही होते. आणि मधला मार्ग काढणारेही: साधारण १३०० सालचं जर्मनीतलं एक हस्तलिखित आहे, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं, त्यात माणसांच्या धडावर पक्ष्यांची डोकी काढलेली आहेत. आता ते जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. चित्र तर हवं, चेहरा नको. याला म्हणतात तोडगा.

रास्तापेठकर, तुमच्या बंधूंना एक कळवा. दुराच्या त्या भिंतीवर एलियाहूसुद्धा आहे. विधवेचं मेलेलं पोर जिवंत करतोय. तेव्हा भिंतीवर एलियाहू असणं हे इथलं उचललेलं, असं कोणी म्हटलं तर अठराशे वर्षांमागचा पुरावा दाखवता येईल.

---

मनुकाशरबत
सोमवार, रात्री १०.१५

मीसुद्धा तुमच्यातलीच, म्हणून जरा काकाच्या बाजूने.

बेने इस्रायली इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने (रब्बी म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू) साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाच्या वेळी यांच्या ज्यूपणाची मागच्या पिढ्यांपासून चौकशी करायला लावली. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने यांच्या बाजूने ठराव केला आणि मग ते बदललं. माझ्या मावशीचं लग्न त्याच काळातलं. तिला विचारलं होतं, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय, ती कोण होती. ती म्हणायची, "कोण होती म्हणजे? तेलीण होती."

त्या घरांमधून मंगळसूत्र, मलिदा, तसबीर सगळं हळूहळू माळ्यावर गेलं. नंतर पुष्कळ घरांत परत खाली आलं, आता मलिदा तिकडेही थाटात होतो. पण 'लोक काय म्हणतील' ही भीती मुरलेली आहे. काका उगाच खेकसत नाहीये.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळतेय. मास्तरांच्या चित्रात मुलगा नवा होऊन येतो आणि आई-बाप जुने. तुमच्याकडे नियमाने चालणारा मुलगा आहे, नवा फोन त्याचा आहे, आणि जुनी आई म्हणते हात नाही लावायचा पण बघायचं. मग यात जुनं कोण आणि नवं कोण? मला सांगता येत नाही. लेकीला येत असेल तर चित्र पास.

---

निळीशाई
मंगळवार, सकाळी ९.३०

मला दुसऱ्याच एका चित्राची आठवण झाली. मॉरित्सी गोटलीब, पोलिश ज्यू, द्रोहोबिचचा, जन्म १८५६. १८७८ मध्ये त्याने 'योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणारे ज्यू' काढलं (योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा, उपासाचा दिवस), ते आता तेल अवीवच्या संग्रहालयात आहे. पांढरी उपरणी घेतलेले पुरुष, वरच्या बाजूला बायका, उपासाचा शीण सगळ्यांच्या तोंडावर. त्यात त्याने स्वतःला तीनदा रंगवलंय: लहान पोर, किशोर आणि तरुण. मोडलेल्या लग्नातली वाग्दत्त वधू दोनदा. आणि तोरेच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीवरच्या वस्त्रावर हिब्रूत लिहिलंय की हे कैलासवासी मॉरित्सी गोटलीबच्या स्मरणार्थ. जिवंतपणी! पुढच्याच वर्षी तो तेवीस वर्षांचा असताना गेला.

तरुण गोटलीब त्या गर्दीत उभा आहे पण डोकं हातावर टेकवून, प्रार्थना करतोय असं वाटत नाही. सगळ्यांमध्ये आहे आणि नाहीही.

मास्तरांचं 'फोन ठेवा' मला मान्य आहे, पण मी लेकीला वेगळंच विचारीन. तू फक्त हात आत घातलास. बाकीची तू कुठे आहेस? काका-आजीचा तंटा लांबून दाखवणं सोपं असतं गं.

आपल्याकडचंच नाव हवं असेल तर सियोना बेंजामिन यांची चित्रं बघा. मुंबईत वाढलेल्या बेने इस्रायली, आता अमेरिकेत असतात. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात, आणि लघुचित्रांची धाटणी व बायबलातल्या गोष्टी एकत्र नांदतात. उचललंय की आपलंच आहे, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

---

रास्तापेठकर
रविवार, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण मध्ये बरंच घडलं.

पहिल्यांदा आईला लॅपटॉपवर ऑपेनहाइमचं चित्र दाखवलं. लेकीने गोष्ट सांगितली: शब्बाथचं टेबल, प्रवास करून आलेला पोर, छातीवरचा क्रॉस. आई चष्मा वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, "त्याचा हात दुखतोय, आधी जेवायला घाला म्हणावं." क्रॉसबद्दल काही बोलली नाही. गोटलीबचं बघितल्यावर लगेच ओळखलं, "ही दारफाळणी." (योम किप्पूरला आमच्याकडचा जुना शब्द, दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून, पांढऱ्या कपड्यांत, कडकडीत उपास.) तीन-तीनदा स्वतःला काढलंय म्हटल्यावर विचारलं, "एवढा एकटा होता का रे तो?"

तेवढ्यावर मला धीर आला आणि गेल्या आठवड्यातल्या शनिवारी रात्री, शब्बाथ उतरल्यावर, लेकीने कॅनव्हासवरची चादर काढली.

पहिली पाच मिनिटं फक्त चुका निघाल्या. पेल्यात तेल फार दाखवलंय, एवढं तेल कोण घालतं, तुझा काय घाणा आहे? पदर कानामागून जायला हवा. मलिद्यात वेलदोडा कुठाय? (वेलदोडा चित्रात कसा दिसणार, हे लेकीने विचारलं नाही, शहाणी आहे.) मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता फोनवर येणार. आलीच.

"हा उजेड त्याचा ना?"

लेक म्हणाली, हो.

"मग तो कुठाय? उजेड काढलास आणि पोरगा नाही काढलास. मी काय पाठीकडून फोन बघते?"

लेकीने समजावलं की फोनची पाठ आपल्याकडे आहे, चेहरा तिकडे आहे, तो दिसणार नाही, फोन फिरवला तर सगळी रचना मोडेल. आईने ऐकून घेतलं आणि बोट ठेवलं ते सरळ तसबिरीच्या काचेवर, त्या पांढऱ्या ठिपक्यावर. "यात दिसतो की मला. दर वेळी दिसतो. घोड्यांच्या खाली."

ते खरं निघालं. परवाच्या शुक्रवारी मुद्दाम मी फोनच्या बाजूला उभा राहून बघितलं. एलियाहूच्या तसबिरीच्या काचेत, रथाच्या चाकापाशी, नखाएवढा माझा भाऊ दिसतो. हलतो, बोलतो, आणि त्याच्याही डोक्यावर टोपी. लेक म्हणाली, तिने तो ठिपका फोटोवरून रंगवला होता, आणि फोटोत तिथे नुसता पांढरा झोत आला होता.

भावाला मी हे फोनवर सांगितलं, आज, रविवारी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "टोपी दिसते का नीट?" तसबीर काढा हे यावेळी म्हणाला नाही. मीही आठवण करून दिली नाही. उकरमास्तर, तुमचा अठराशे वर्षांचा पुरावा राखून ठेवलाय, लागेल तेव्हा काढीन.

निळीशाई, तुमचा प्रश्न लेकीला वाचून दाखवला. चिडली. नंतर काचेत भावाच्या शेजारी फोन धरणाऱ्या माणसाचंही काहीतरी दिसतं का, ते बघत बसली होती. दिसतं म्हणाली, अर्धा कान आणि केस.

मास्तर, नाकाच्या शेंड्याचा करडा तिने तीनदा पुसून परत लावलाय. ठिपका चाकूने खरवडून जागा मोकळी केली आहे. येत्या शुक्रवारी साडेसहाला आई पुन्हा बसणार आहे, भावाला दहा मिनिटं जास्त बोलायला सांगितलंय. पेल्यातलं तेल मात्र आजच कमी केलं.